प्रत्येक ठोक्याला एक गोळी

आमच्या घरात मेलेला माणूस घंटा वाजवतो, असं सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी हसले होते. तोंडावर हसले नाही, तेवढी अक्कल आहे मला. स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि हसले. अहो, घंटा जागेवर असती तर एक वेळ समजलं असतं. पण ती पितळी घंटा मामंजी गेल्यावर माझ्याच नवऱ्याने खांबावरून उतरवून भंगारवाल्याला दिली होती. ती टेम्पोत पडून गल्लीबाहेर जाताना मी दारात उभी राहून बघितलंय. मग नसलेली घंटा वाजते कशी? माणसाचं भूत होत असेल एक वेळ, पण भांड्याकुंड्यांचंही भूत होतं की काय?

आता नाही हसत मी. का नाही, तेच सांगायला बसलेय.

आमचा धंदा बरण्यांचा. खाली कारखाना आणि वर आम्ही राहतो. कारखाना म्हटलं की धुराडी-बिराडी डोळ्यांपुढे आणू नका. मातीची पोती, दोन चाकं, झिलईची पिंपं, सुकायला ठेवलेल्या कच्च्या बरण्यांच्या फळ्या आणि मागच्या अंगणात भट्टी, झालं. आता भट्टी गॅसची आहे. दार लावायचं, काचेतला आकडा बघायचा, तासातासाने चावी थोडी थोडी वाढवायची. पूर्वी लाकडाची होती, आणि लाकडाची भट्टी म्हणजे तान्हं मूल. तिला दर तासाला भरवावं लागायचं. उशीर झाला की आच मोडायची, झिलईला फोड यायचे आणि सगळा माल मातीमोल. म्हणून अंगणात एक खांब आणि खांबावर ती घंटा. मामंजी घड्याळ बघायचे आणि दोरी ओढायचे. ठोका पडला की सगळे हातातलं टाकून लाकडं घेऊन धावायचे. भट्टी लावली की दिवसभर त्या घरात दुसरी वेळच नसायची. चहा किती वाजता झाला ते कोणी सांगायचं नाही, 'तिसऱ्या ठोक्यानंतर झाला' असं सांगायचे.

या घरातल्या पुरुषांना एक दुखणं आहे. गाऊट. रक्तातलं युरिक ॲसिड वाढतं, त्याचे काटेरी खडे सांध्यात साचतात, आणि एखाद्या सकाळी पायाचा अंगठा लालबुंद होऊन बसतो. अंगावरची चादर लागली तरी माणूस किंचाळतो. मामंजींचा अंगठा नेमका भट्टीच्या दिवशी उठायचा. उठणारच! दिवसभर आगीपुढे उभं राहायचं, घामाने निथळायचं आणि पाणी प्यायला जागचं हलायचं नाही. वर सगळे म्हणायचे, भट्टीची नजर लागते.

त्यांच्याकडे त्यावर गोळी होती. कॉल्चिसिन. कोणे एके काळी कुठल्याशा डॉक्टरने त्यांना सांगितलं होतं, दर तासाला एक घ्यायची, जुलाब लागेपर्यंत. जुलाब लागले की थांबायचं. त्या काळी सांगायचेच म्हणे तसं. झालं, आमच्याकडे दर तासाला घंटा होतीच! ठोका पडला की लाकूड भट्टीच्या तोंडात आणि गोळी मामंजींच्या. त्यांचे हात मातीने आणि काजळीने भरलेले असायचे, म्हणून सासूबाई गोळी जिभेवर ठेवायच्या आणि पेला तोंडाला लावायच्या. संध्याकाळपर्यंत मामंजी धावतपळत मोरीकडे जायचे की सगळ्या घराला हायसं वाटायचं. 'लागू पडली!' खरोखर असं ओरडायचे हो. मी लग्न होऊन नवीन आले तेव्हा मला वाटलं, मी वेड्यांच्या घरात पडले.

मी आल्यानंतरची ती दुसरी की तिसरी भट्टी. मामंजींना आठवडाभर खोकला होता, छातीसाठी कसलंसं औषध चालू होतं. वय झालं होतं, पायांवर सूज होती. अंगठा उठला आणि गोळ्या सुरू झाल्या. संध्याकाळी जुलाब लागले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, सासूबाईंनी सगळ्यांना चहा केला. पण या वेळी जुलाब थांबेनात. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. मग हातापायांतली ताकद गेली, पेला धरता येईना. दवाखान्यात नेलं तेव्हा मूत्रपिंडं बंद पडली होती. तिथून ते परत आले नाहीत. इकडे भट्टी उघडली तर एक बरणी धड नव्हती, सगळ्या तडकलेल्या. लोकांना तेवढंच पुरलं. भट्टीने म्हाताऱ्याला घेतलं, असं सगळी गल्ली म्हणाली. गोळ्यांचं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही, कारण गोळ्या तर लागू पडल्या होत्या ना!

त्यानंतर ते घंटेचं सुरू झालं.

सासूबाईंना ऐकू यायची, यांना ऐकू यायची. यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला. मला कधी नाही. जेवता जेवता दोघांचे हात एकदम थांबायचे, दोघं एकाच दिशेला बघायचे, अंगणाकडे, जिथे पूर्वी खांब होता आणि आता गॅसच्या टाक्या आहेत. मी विचारलं की हे म्हणायचे, "कुठे काय?" आणि पुन्हा घास घ्यायचे. पण दुसऱ्या दिवशी यांचा अंगठा उठायचाच. आधी मला वाटलं थापा मारतात. मग माझ्या लक्षात आलं की आमचं मांजरसुद्धा त्या वेळी टाक्यांकडे बघून शेपटी फुगवतं. त्या दिवसापासून मी नळ सोडून हसणं बंद केलं. टाक्यांपाशी वाळत घातलेले कपडे ऊन असतानाच आत आणायला लागले. भीती वाटायची, सांगते ना. दिवसाउजेडी भीती वाटायची.

गेल्या वर्षी यांना मी ओढूनताणून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई कडक, पण काम चोख. रक्त तपासलं, लघवी तपासली आणि यांना समोर बसवून शाळेतल्या पोरासारखं समजावलं. मूत्रपिंडं जरा कमजोर आहेत. ॲसिड कमी करायची गोळी रोज घ्यायची, ती दुखण्यावरची नाही, दुखो न दुखो घ्यायची, आणि अंगठा उठला तरी बंद करायची नाही. कॉल्चिसिन फक्त दुखणं उठलं तर. सकाळी एक, संध्याकाळी एक, वर एकही नाही. "आणि कुणीही दुसरं कुठलंही औषध दिलं, सर्दीचं का असेना, तर त्यांना सांगायचं की मी ही गोळी घेतो. आधी मला फोन करायचा. कळलं?" हे मान डोलवत होते. आमच्याकडे डोलवायला मान आहे, पण कान रिकामे, भाड्याने द्यायचे आहेत!

आता तो दिवस.

मोठी मागणी होती. भट्टी सकाळीच लागली. यांना चार-पाच दिवस खोकला होता. माझ्या नकळत कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन औषध घेऊन आले होते. मी विचारलं, "गाऊटच्या गोळीचं सांगितलंत का तिथे?" तर म्हणतात कसे, "अगं, खोकला छातीत, गाऊट पायात. मधे किती अंतर आहे बघ." वर हसले. डोक्यात तिडीक गेली माझ्या, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि राहून गेलं.

अंगठा त्याच सकाळी उठला. भट्टीसमोर खुर्ची टाकून, पाय मातीच्या पोत्यावर ठेवून हे बसले होते. आकडा बघायचा, पुढे वाकून चावी वाढवायची, पुन्हा मागे टेकायचं. दुपारी मी चहा घेऊन गेले. मी दारातच होते, त्यांनी मला पाहिलं नव्हतं. त्यांची मान एकदम वर झाली. कोणी हाक मारली की होते ना, तशी. टाक्यांच्या दिशेने बघितलं, हात शर्टाच्या खिशात गेला, काहीतरी तोंडात टाकलं, आणि मग पुढे वाकून चावी वाढवली. हे सगळं इतकं सहज झालं की त्यांच्या त्यांनाही पत्ता नसावा.

"काय घेतलंत?"

"काही नाही."

"अहो, मी बघितलं. काय टाकलंत तोंडात?"

"मी?" ते माझ्याकडे खरंच गोंधळून बघत होते. खोटं बोलणारा नवरा मला ओळखता येतो, इतकी वर्षं काढलीयत. हे खोटं बोलत नव्हते.

मी सरळ खिशात हात घातला. गोळ्यांचं पाकीट निघालं, अर्ध्याहून जास्त रिकामं. सकाळी मी स्वतः नवं उघडून एक काढून दिली होती.

"या कुठे गेल्या?"

त्यांनी पाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहरा उतरला. "घंटा झाली की..." एवढंच म्हणाले.

"कुणाची घंटा? कुठेय घंटा?"

"बाबा वाजवतायत. सकाळपासून. दर तासाला."

चहा माझ्या हातातून खाली पडला. फुटलेल्या कपाच्या आवाजाने सासूबाई आतून आल्या. त्यांनी पाकीट बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "घेऊ दे त्याला. मीही ऐकतेय. ते स्वतः लक्ष ठेवून आहेत. जुलाब लागले की थांबतील वाजवायचे."

"आई, डॉक्टरीणबाईंनी दिवसाला दोन सांगितल्यात!"

"डॉक्टरीण कालची पोरगी. आयुष्यभर याच गोळीने त्यांच्या पायांची सूज उतरवलीय."

"मला का नाही ऐकू येत मग?"

"तू बाहेरची," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांनी! या घराची भांडी घासली, माती तुडवली, त्यांची दुखणी काढली, आणि मी बाहेरची. रडू आलं मला, खोटं कशाला सांगू. पण रडायला वेळ कुणाला होता? मी वर धावले. डॉक्टरीणबाईंचा फोन लागेना, तेव्हा औषधाच्या दुकानात लावला. तिथल्या ताई आमच्या जुन्या ओळखीच्या. किती गोळ्या घेतल्या ते मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "दुसरं काही चालू आहे का? खोकला, ताप, कशाचंही?" मी खोकल्याच्या औषधाचं पाकीट हातात घेऊन नाव वाचून दाखवलं. क्लॅरिथ्रोमायसिन.

त्यांनी ते नाव मला पुन्हा वाचायला लावलं.

"काय झालं, ताई?"

"ऐका, नीट ऐका. हे औषध कॉल्चिसिनला शरीराबाहेर पडू देत नाही. ती आत साठत जाते. त्यात यांची मूत्रपिंडं कमजोर. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या, सगळी पाकिटं सोबत घ्या. जुलाब, उलट्या झाल्यात?"

"नाही अजून."

"व्हायची वाट बघू नका. आणि झाल्या तर औषध लागू पडलं असं समजू नका. ती विषबाधेची पहिली खूण असते. बऱ्याचदा माणूस त्यानंतर जरा बरा दिसतो, आणि घरचे गाफील राहतात. निघा तुम्ही, मी तिथे फोन करून ठेवते."

मी जिन्यातच बसले. डोळ्यांपुढे तो जुना दिवस आला. मामंजी मोरीकडे धावताहेत, 'लागू पडली' म्हणून सगळे ओरडताहेत आणि सासूबाई सगळ्यांना चहा देताहेत. मीही तो चहा प्यायले होते, साखर कमी आहे म्हणून कुरकुरलेसुद्धा होते.

खाली आले. "उठा. दवाखान्यात जायचंय."

"भट्टी चालू आहे," हे म्हणाले. "अजून दोन-तीन तास. माल वाया जाईल."

"जाऊ दे माल खड्ड्यात!"

"अगं, मला काही होत नाहीये. जुलाबसुद्धा नाहीत."

"तेच तर!" मी किंचाळलेच. "जुलाबाची कसली वाट बघताय? मामंजींना लागले होते ना जुलाब? मग? पुढे काय झालं? सांगा ना, काय झालं पुढे? भट्टीने नाही घेतलं त्यांना. गोळ्यांनी घेतलं!"

बोलून गेले. घरात हे कधी कुणी उच्चारलं नव्हतं. यांचा चेहरा पांढराफटक पडला. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. नुसत्या स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत राहिल्या.

आणि मग ते झालं. विश्वास ठेवा, नका ठेवू.

आधी वास आला. लाकडाच्या धुराचा, ओलसर लाकूड धुमसतं तसा. त्या अंगणात लाकूड जळून वर्षं लोटली होती. मग कोणीतरी एक पाय ओढत चालल्यासारखा आवाज, टाक्यांच्या मागून. मांजर फळीवरून उडी मारून पळालं. आणि घंटा वाजली. मला ऐकू आली. अगदी कानाशी, छातीत घुमली. मला वाटलं एक ठोका पडेल आणि संपेल. पण तो थांबलाच नाही. ठोक्यावर ठोका, ठोक्यावर ठोका, दोरी तुटेल असं कोणी ओढत होतं. फळीवरच्या कच्च्या बरण्या हलल्यासारख्या वाटल्या मला. मी कानांवर हात ठेवले तरी आत तेच.

आणि सासूबाई एकदम पुढे झाल्या. यांच्या दंडाला धरून म्हणाल्या, "ऊठ! ऐकतोयस ना? लागोपाठ वाजवतायत. ऊठ म्हणते ना!"

लागोपाठ घंटा मामंजी एकाच कारणाने वाजवायचे. भट्टीची भिंत फुटायच्या बेतात असली तर. त्याचा अर्थ या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. सगळं आहे तिथे टाका आणि पळा.

हे उठले. भट्टीचा गॅस मी बंद केला, आकडा घसरायला लागला, माझ्या मनाला काही वाटलं नाही. दोन्ही बाजूंनी आधार देऊन आम्ही त्यांना आमच्या मालाच्या टेम्पोत बसवलं. पाय आपटला तरी ते ओरडले नाहीत. टेम्पो मी चालवला. अर्ध्या वाटेत यांनी पोट धरलं. "थांबव," म्हणाले, "जुलाब होणार बहुतेक." आणि माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यात सुटका होती हो! इतकं ऐकूनसुद्धा लहानपणापासूनचं ते हायसं वाटणं आत बसलेलंच होतं. त्या हसण्याची जेवढी भीती मला वाटली तेवढी घंटेचीही वाटली नव्हती. टेम्पो मी थांबवला नाही.

दवाखान्यात त्यांनी यांना विष शोषून घेणारं कोळशाचं काळं पाणी पाजलं, सलाईन लावलं, रक्तावर रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई धावत आल्या. ओरडतील असं वाटलं होतं, पण ओरडल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यावर उतारा नाही. शरीराला सांभाळत राहायचं आणि वाट बघायची. पुढचे काही दिवस जपायचे आहेत. पण तुम्ही लवकर आणलंत. आणखी एक दिवस घरी काढला असता तर मला आशाच वाटली नसती." मी त्यांचे हात धरले आणि भर कॉरिडॉरमध्ये भोकाड पसरलं. लोक बघत होते. बघू देत.

वाईट दिवस गेले. मूत्रपिंडं कुरकुरली, रक्तातल्या पेशी खाली घसरल्या, हातांची पकड सैल झाली. त्या सैल बोटांत पेला धरवेना तेव्हा सासूबाई खोलीबाहेर निघून गेल्या. मग हळूहळू आकडे वर यायला लागले. पेशी वाढल्या, लघवी नीट व्हायला लागली. एका दुपारी हे उठून बसले आणि दवाखान्याच्या चहाला नावं ठेवली. तेव्हा मला कळलं की आता वाचले.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा शाळा घेतली. या वेळी आम्हा तिघांची. जुना हिशोब विसरायचा, दर तासाची गोळी आता कोणीही सांगत नाही. दुखलं तर सांगितलेल्याच गोळ्या, त्यापुढे सहन होत नसेल तर दवाखाना गाठायचा, वाढवायची नाही. पाणी भरपूर प्यायचं, भट्टी असो नसो. रोजची गोळी बरं झाल्यावर त्या स्वतः थोडी थोडी करून पुन्हा चालू करतील, आणि ती घेताना अंगावर पुरळ उठलं तर लगेच थांबवून त्यांच्याकडे यायचं. कुठल्याही डॉक्टरपुढे सगळी पाकिटं टेबलावर मांडायची. "छाती आणि पाय एकाच माणसाचे असतात," असं यांच्याकडे बघून म्हणाल्या. यांनी मान खाली घातली. बरं झालं!

बाई गेल्यावर हे डुलकी घ्यायला आडवे झाले. सासूबाई आणि मी बाहेर बाकावर बसलो. समोर खिडकी, खाली रस्ता, उन्हात माणसं ये-जा करत होती.

"तुला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "त्याला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"त्या दिवशी मला घंटा ऐकूच आली नाही. लागोपाठ वगैरे काही नाही. दुपारपर्यंत येत होती, तासातासाला. तू ते गोळ्यांचं बोललीस आणि एकदम सगळं गप्प झालं. मी खोटं बोलले. माझं ऐकलं नसतं त्याने, बापाचं ऐकतो, म्हणून बापाचं नाव घेतलं."

माझ्या अंगावर काटा आला. यांनाही मी आधीच विचारलं होतं. ते म्हणाले होते, "मला काही ऐकू आलं नव्हतं त्या वेळी. आई म्हणाली म्हणून उठलो."

म्हणजे मी एकटी.

मी काही बोलायच्या आत त्या पुढे बोलायला लागल्या. आवाज अगदी सपाट होता. "शेवटची गोळी मी दिली त्यांना. तेव्हा जुलाब लागले होते. म्हणजे थांबायला हवं होतं, नियम होता. पण ठोका पडला, आणि पाय तसाच सुजलेला, आणि उद्या भट्टी उघडायची. मला वाटलं एक जास्त घेतली तर काय होतंय. ते म्हणाले, नको. तोंड फिरवलं त्यांनी. मी हनुवटी धरून वळवलं आणि गोळी आत घातली. म्हटलं, घंटा झालीय ना." त्या थांबल्या. "तेव्हापासून वाजवतायत ते. मला वाटायचं पोराला सांभाळतायत. पण मनातून माहीत होतं मला. माझ्यासाठीच वाजते ती."

तुमची चूक नाही म्हणावं तर ते त्यांनी मानलं नसतं, आणि मलाही ते धड खरं वाटत नव्हतं. त्या इतक्या लहान दिसत होत्या बाकावर, पाय जमिनीला पुरते टेकतही नव्हते.

"आई," मी म्हटलं, "मी ऐकली."

त्यांनी वळून बघितलं.

"त्या दिवशी. लागोपाठ वाजली, तुम्ही म्हणालात तशीच, पण तुम्ही म्हणायच्या आधी. धुराचा वास आला, पाय ओढत कोणी चाललं, आणि मग वाजायला लागली ती थांबेचना. शपथ घेऊन सांगते."

त्या कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, मी त्यांचं मन राखायला थाप मारतेय का ते शोधत असाव्यात. मग त्यांनी विचारलं,

"रागाने वाजवत होते का गं?"

मी आठवून बघितलं. खरं तेच सांगायचं होतं मला.

"नाही," मी म्हटलं. "घाईत होते. जाम घाबरलेले होते, पोरासाठी."

त्यांनी मान हलवली. मग माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि आतून यांनी हाक मारेपर्यंत आम्ही तशाच बसून होतो.